इंजिन भंगारात घालण्यापूर्वी



गेल्या माघात पारनेर तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो. डी.पी. जळालेली, उन्हाळी कांदा पाण्यावर आलेला आणि विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन काळा धूर ओकत मध्येच दम टाकत होते. "साहेब, म्हातारं झालं हे. घालतो भंगारात," आप्पा वैतागून म्हणाले. "आप्पा, जरा थांबा," म्हणत मी एअर क्लीनरची वाटी उतरवली. आत तेल कसले, नुसता चिखल! वाटी आणि जाळी डिझेलने धुतली, नवे तेल भरले. तासाभरात पाणी वाफ्यात पोचले.

इंजिनाचे माणसासारखेच आहे. आधी श्वास पाहावा, मग पोट.

१ लिटर डिझेल पुरते जळायला सुमारे १० हजार लिटर हवा लागते. गाळणी तुंबली की हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळते, काळा धूर येतो आणि ताकद जाते. वाटीत इंजिनाचेच तेल खुणेपर्यंत भरावे. जास्त भरले तर ते इंजिनात ओढले जाते. कागदी गाळणी मात्र धुवू नये. झटकावी किंवा बदलावी. मळणीच्या दिवसांत गाळणी रोज पाहावी. ती काढून इंजिन कधीच चालवू नये. धूळ आत गेली की लायनर आणि रिंगा झिजतात, आणि खरा खर्च तिथे होतो.

हँडल मारून हात दुखले तरी धूर अजिबात येत नसेल, तर डिझेल पोचत नाही असे समजावे. आधी टाकीच्या झाकणाचे बारीक भोक पाहावे. ते बुजले की इंजिन थोडे चालून बंद पडते. झाकण सैल करताच चालले, तर दोष तिथेच. मग फिल्टर पाहावा.

इंजिन वर-खाली होत बंद पडत असेल, तर त्याने एअर धरली आहे. फिल्टरवरचा स्क्रू सैल करावा. बुडबुडे थांबून अखंड डिझेल आले की आवळावा. तसेच पुढे पंपावर करावे. पुन्हा एअर धरली, तर तांब्याचे वायसर व नळीचे सांधे तपासावेत.

एक मात्र लक्षात ठेवा. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात धरू नका. दाबाचे डिझेल कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

डिझेल स्वच्छ फडक्यातून गाळून भरा. टाकी संध्याकाळीच भरून ठेवा, म्हणजे रात्रीच्या गारठ्यात आत पाणी धरत नाही.

एवढे करूनही पांढरा धूर येतो आणि हँडल हलके फिरते, तर मात्र मिस्त्रींना बोलवा. तोवर पान्हा आपल्याच हाती असू द्या!