थिनरची बाटली आणि श्रावकाचे व्रत

पेडणे तालुक्यातील धारगळ हे महामार्गावरील गाव. जवळच मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. वस्ती व बांधकाम वाढले की रंग, थिनर व चिकटद्रव्ये यांचा खप वाढणे ओघाने आलेच. व्यापारवृद्धीचा आनंद आम्हांसही आहे. परंतु या मालाविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पुष्कळ थिनरांत व चिकटद्रव्यांत टोल्युइन असते. त्याची वाफ श्वासावाटे रक्तात व तेथून लगोलग मेंदूत पोहोचते. मेंदूच्या पेशी परस्परांस रासायनिक संदेश धाडतात. ते झेलणारे ग्राही त्यांच्या पृष्ठभागावर असतात. स्मरण व अध्ययन यांस आवश्यक असलेले 'एनएमडीए' ग्राही टोल्युइन रोखून धरते, हे १९९८ साली प्रयोगांनी दिसून आले. उलट, मेंदूचे कार्य मंद करणाऱ्या 'गाबा' ग्राहींचा प्रभाव ते वाढविते. म्हणूनच हुंगणाऱ्यास गुंगी येते, तोल जातो. वर्षानुवर्षे हुंगल्यास मेंदूतील श्वेतद्रव्यास इजा पोहोचते. आणि हृदयाची लय बिघडून प्रसंगी एकाएकी मृत्यूही ओढवतो.

केंद्र शासनाच्या २०१९ च्या अहवालात हुंगण्याच्या पदार्थांचे सेवन १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के आढळले. त्या पाहणीतील अन्य कोणत्याही व्यसनात मुले प्रौढांच्या पुढे नाहीत.

'गिऱ्हाईक माल कशासाठी नेतो, हे आम्ही का पाहावे?' असे कोणी विचारील. रंगाऱ्यास थिनर लागतेच. त्याची विक्री बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु श्रावकाच्या अनर्थदंडविरमण व्रतात हिंसादान, म्हणजे घातक साधन दुसऱ्याच्या हाती देणे, वर्ज्य मानले आहे. शाळकरी मुलाच्या हाती बाटली ठेवताना त्या व्रताचे स्मरण होऊ नये काय? आणि बंद खोलीत थिनर ओतून देणारा आपलाच नोकर दिवसभर तीच वाफ घेतो, त्याचे काय?

म्हणून आमची सूचना साधी आहे. मुलांस हा माल विकू नये. ओतण्याचे काम मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर करावे; ही वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असल्याने जमिनीलगत साचते. घरातील मुलाच्या कपड्यांस असा वास आल्यास मारझोड न करता त्यास बांबोळीच्या मनोरुग्णालयातील वैद्यांकडे न्यावे.

एका बाटलीच्या नफ्याने कोणाची पेढी मोठी झालेली नाही. सदस्य बंधुभगिनींनी याचा विचार करावा, ही नम्र विनंती. जय जिनेंद्र.