सगळ्यांची सुट्टी, आपली ड्यूटी

दिवाळी आठ दिवसांवर आली की नातेवाइकांचा एकच प्रश्न असतो, ‘‘मग, कधी येताय?’’ ऑफिसात काम करणारा माणूस सुट्ट्यांची यादी बघून उत्तर देतो. पण काही माणसांचे पोटच मुळी इतरांच्या सुट्टीवर चालते. किल्ल्यावर पर्यटकांना इतिहास सांगणारे, संग्रहालयात जुन्या काळचा पोशाख घालून जाते फिरवून दाखवणारे, ऐतिहासिक महानाट्यात मावळा म्हणून उभे राहणारे, या सर्वांना सणाच्या दिवशीच उसंत नसते.

हे जगभर असेच आहे. स्टॉकहोममध्ये १८९१ साली ‘स्कान्सेन’ हे उघड्यावरचे संग्रहालय सुरू झाले. जुनी घरे आणून उभारायची आणि त्यांत त्या काळचे जगणे दाखवणारी माणसे ठेवायची, अशी त्यामागची कल्पना. तिथला नाताळचा बाजार १९०३ पासून प्रसिद्ध आहे. म्हणजे सारे शहर नाताळची तयारी करत असते, तेव्हा ही माणसे कामावर असतात. आपल्याकडे १९८५ मध्ये बाबासाहेब पुरंदरे यांचे ‘जाणता राजा’ रंगमंचावर आले आणि शिवकाल उभा करणाऱ्या कलाकारांच्या घरांना दौरे म्हणजे काय ते कळले. रायगडावर राज्याभिषेकाचा ६ जूनचा सोहळा असतो. त्या दिवशी गडावर माहिती सांगणाऱ्याने ‘मावशीकडे मुंज आहे’ म्हणून रजा मागावी, हे कसे शक्य आहे?

खुर्सीपारमधले घर

भिलाईच्या पोलाद कारखान्याजवळची खुर्सीपार ही कामगारांची वस्ती. समजा, इथल्या एखाद्या मराठी घरातली सून नवा रायपूरच्या ‘पुरखौती मुक्तांगण’सारख्या ठिकाणी पाहुण्यांना जुन्या छत्तीसगढचे जीवन उलगडून सांगते. २००६ मध्ये खुले झालेले हे मुक्तांगण आदिवासी आणि ग्रामीण जीवनाचे दर्शन घडवते. हिवाळा हा तिथल्या गर्दीचा काळ. त्यातच १ नोव्हेंबर हा राज्याचा स्थापना दिवस बहुतेक वर्षी दिवाळीच्या मागेपुढेच येतो. तिचे माहेर नागपूरला, म्हणजे रेल्वेने चारेक तासांवर. अंतर फारसे नाही, पण भाऊबीजेच्या दिवशी तिच्यासमोर शाळकरी मुलांचा घोळका उभा असतो.

पहिल्या वर्षी माहेरचे समजून घेतात. दुसऱ्या वर्षी वहिनी हसतहसत टोमणा मारते, ‘‘आमच्यापेक्षा तुमचे पुतळेच बरे!’’ तिसऱ्या वर्षी आग्रहाचे बोलावणे येतच नाही. ‘तिला कुठे जमणार,’ असे आपापसात ठरून जाते. खरा धोका इथे असतो. नाते भांडणाने तुटत नाही, ते विचारणे थांबल्याने सुकते.

भट्टी विझत नाही

गंमत अशी, की या प्रश्नाचे उत्तर तिच्या सासऱ्यांना केव्हाच सापडलेले असते. भिलाईची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. अशी भट्टी एकदा पेटली की दसरा-दिवाळीला विझवता येत नाही. ती रात्रंदिवस चालते, म्हणून माणसे तीन पाळ्यांत काम करतात. त्यामुळे कामगारांच्या घरांत सण पाळीनुसार होतो. बाबा रात्रपाळीहून आल्यावर पाडव्याचे ओवाळणे, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पुरणपोळी. मुलांना कधी वाटले नाही, की आपला सण उष्टा झाला.

आपल्या परंपरेनेही ही सवड ठेवलेली आहे. संक्रांतीचे हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येते. मग भाऊबीज आठ दिवसांनी झाली तर भावाचे प्रेम शिळे होते का? फक्त ही नवी तारीख आधी ठरलेली हवी. ‘बघू, जमले तर येईन’ हे वाक्य सर्वांत जास्त दुखावते. ‘पुढच्या सोमवारी सकाळच्या गाडीने येते, मंगळवारी रात्री परत’ हे ऐकले, की आई कामाला लागते. बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात. हा वार माणसांसाठी राखून ठेवावा.

काम घरच्यांना दिसू द्या

याच भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंनी वयाच्या १३ व्या वर्षी चंद्रखुरी गावात १० रुपयांवर पहिली पंडवानी सादर केली. बाईने उभे राहून, हाती तंबोरा घेऊन महाभारत सांगणे समाजाला मान्य नव्हते. त्यांना बहिष्कार सोसावा लागला. पुढे त्या भिलाईच्या कारखान्यात नोकरीला लागल्या, देशोदेशी गेल्या, २०१९ मध्ये पद्मविभूषण झाल्या. आज सुनेला कोणी वाळीत टाकत नाही. विरोध आता ‘लग्नालासुद्धा आली नाही’ अशा वाक्यांतून येतो. बोलणाऱ्यांनी तिचे काम पाहिलेलेच नसते. म्हणून वर्षातून एकदा सासूबाईंना, भाच्यांना तिकीट काढून तिथे न्यावे. सून ६० मुलांना गप्प बसवून गोष्ट सांगते हे पाहिले, की सासूबाई स्वतःच शेजारणीला सांगू लागतात.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी समजून घ्यावी. दिवसभर बोलून घसा बसलेला माणूस पाहुण्यांत गप्प राहतो. ते आखडूपण नव्हे, थकवा असतो. पण हे कोणी न सांगता कसे कळणार? घरात पाऊल टाकताच, ‘‘अर्धा तास द्या, मग बसते तुमच्यात,’’ असे म्हटले तर गैरसमज टळतो.

काही पथ्ये

वर्षाच्या सुरुवातीलाच गर्दीचे दिवस घरात लिहून लावावेत. माहेर आणि सासर, दोन्हीकडचा एकेक प्रसंग ‘काहीही झाले तरी’ या यादीत असावा. तो ज्यांचा, त्यांनाच निवडू द्यावा. आईला वाढदिवसापेक्षा बाबांचे वर्षश्राद्ध महत्त्वाचे वाटत असेल. दुखणी तारीख विचारून येत नाहीत, म्हणून आपल्या जागी उभी राहील अशी एक सहकारी आधीपासून तयार ठेवावी आणि तिच्या अडचणीलाही धावून जावे. ज्या जावेने किंवा वहिनीने सणाचे सगळे काम उपसले, तिला पुढच्या भेटीत ओट्यापासून दूर बसवावे. नुसती साडी देऊन ते ऋण फिटत नाही.

नातेवाइकांनीही थोडे सरकावे. जी माणसे दुसऱ्यांच्या मुलांना सुट्टीचा आनंद देतात, त्यांना आपण साध्या वारी, साध्या वरणभातावर बोलावू शकतो. सोमवारी दुपारी आलेल्या लेकीला एरवीपेक्षा जास्त निवांत आई मिळते, कारण घरात दुसरे पाहुणे नसतात.

अशा भेटीत तिने आपले कसब घरीही वापरावे. परक्यांचे पूर्वज ती रोज सांगते. पण सासरे तरुणपणी भिलाईला कसे आले, पहिली रात्र कुठे काढली, आजीने लग्नात आणलेली पितळी परात कुणाकडे आहे, हे तिने कधी विचारलेले असते का? म्हातारी माणसे सणाच्या गडबडीत हे सांगत नाहीत. त्यांना समोर बसून ऐकणारे कोणीतरी हवे असते. तेवढा एक सोमवार त्यांच्या नावाने लिहून ठेवावा आणि तो चुकवू नये.