नफा खासगी, कीड सार्वजनिक
२००२ साली अमेरिकेत डेट्रॉइटजवळ ॲश वृक्षांवर हिरवा भुंगेरा सापडला. आशियातून, बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून, तो आला होता. त्याच्या अळ्या सालीखाली पोखरतात; शेंडा वाळून रोग ध्यानी येईपर्यंत वर्षे उलटलेली असतात. कोट्यवधी झाडे गेली. अखेर २०२१ मध्ये सरकारने देशांतर्गत निर्बंध उठवून परोपजीवी गांधीलमाश्यांवर भिस्त ठेवली.

खोक्यांचे लाकूड ५६ अंश सेल्सियसवर ३० मिनिटे तापविण्याचा खर्च तो किती? तो वाचला, नफा व्यापाऱ्यांना झाला. वठलेली झाडे तोडण्याचा बोजा मात्र नगरपालिकांवर पडला. काळ्या ॲशच्या टोपल्या विणणाऱ्या मूळनिवासींचे तर साधनच हिरावले जात आहे. बंदरावरील तपासनीस हा व्यापारातील अडसर नव्हे, समाजाच्या वनसंपत्तीचा राखणदार होय. त्याचे वेतन आयातदारांकडूनच वसूल व्हावयास हवे.