परसातल्या भाजीला कपाशीचे औषध नको

कपाशीची फवारणी झाली की पंपात उरलेलं औषध परसातल्या वांग्या-भेंडीवर मारायची खोड आपल्या बोरी अरब भागात अनेकांना आहे. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. तेच विष ताटात कशाला?

आधी पान उलटून बघा. पान चिकट अन् वर मुंग्यांची ये-जा, म्हणजे मावा. वांग्याचा शेंडा मलूल होऊन झुकला तर आत अळी आहे. वरून मारलेलं औषध तिला लागत नाही, शेंडा खुडून जाळावा. माव्यासाठी अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवा, गाळून दहा लिटर पाणी करा, संध्याकाळी फवारा. ठिपक्यांचे ढालकिडे दिसले तर तेही थांबवा. ते मावाच खातात. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडीच वेचून ठेवायला सांगावे.