सहकाऱ्यांची थकबाकी

दसरा-दिवाळीच्या सुमारास नांदूरघाटच्या आसपासच्या गावांतून ऊसतोडणीच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीने त्या बांधलेल्या असतात, तेव्हा त्यांच्या जिण्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. परंतु पाच-सहा महिने एका फडात राबलेली ही माणसे परतल्यावर एकमेकांच्या दुखवट्याला हटकून जातात, हे मी पाहत आलो आहे. आम्हा पगारदारांना मात्र तेवढी सवड होत नाही.

याचे कारण केवळ कृतघ्नता नव्हे. कापूस पिकविला की सरकी आपोआप हाती येते. तिच्यासाठी निराळा खर्च पडत नाही. नोकरीतील मैत्री ही अशीच सरकी होय. बदली झाली, कापूस संपला, की तीच वस्तू पूर्ण किंमत मोजून मिळवावी लागते आणि मग ती आपल्याला महाग वाटू लागते. उत्पन्न वाढते तसतसा माणसाचा प्रत्येक तास महाग होतो व तो अधिकच घाईत जगू लागतो, असे स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ स्टाफन लिंडर यांनी १९७० साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखविले होते. विद्यार्थ्यांना हे मी दरवर्षी शिकवितो. शिकविणे सोपे असते!

तासिका तत्त्वावर शिकवीत असताना आम्ही तिघे एका खोलीत राहत होतो. मानधन वेळेवर मिळत नसे. त्या दिवसांत एका मित्राचे वडील आमच्यासाठी ज्वारीचे पोते पाठवीत. पुढे तिघांनाही कायम नेमणुका मिळाल्या, त्याही तीन दिशांना. गेल्या वर्षी ते वडील वारले. मी भ्रमणध्वनीवरून जोडलेल्या हातांचे चित्र पाठविले आणि परीक्षेच्या कामाला लागलो. तीन महिन्यांनी तो केजच्या बसस्थानकावर भेटला. तक्रारीचा शब्दही त्याने काढला नाही, चहा पाजला. पूर्वी तो मला ‘अरे’ म्हणत असे. त्या दिवशी ‘तुम्ही’ म्हणाला.

ओळखी नोकरी मिळविण्यास उपयोगी पडतात, हे मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच सांगितले आहे. या प्रकरणी तो युक्तिवाद मला मांडवत नाही. प्रत्येक जुन्या सहकाऱ्याशी संबंध राखणे शक्य नाही, तसे आवश्यकही नाही. पण ज्यांच्या घरचे धान्य खाल्ले, त्यांची गणना निराळी. टोळीचा हंगाम कारखाना ठरवितो. आमचा आम्हालाच ठरवावा लागेल, म्हणून मे महिन्याच्या सुटीतील एक रविवार मी दोघांनाही पत्राने कळविला आहे. एकाचा होकार आला. दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत आहे.