देवकीचा दाखला आणि खोड्यातली गाय



चाळीस वर्षे कीर्तन केले. आता गुडघ्यांनी रजा मागितली म्हणून कोथरूडला मुलाच्या घरी तिसऱ्या मजल्यावर बसून असतो. इथे गाय दिसते ती तुपाच्या बरणीवरची. शेजारी मोठ्या भक्तिभावाने विचारतात, महाराज, गीरचे तूप शुद्ध ना? त्या गाईचे काय होते, हे कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते. म्हणून आधी माझी चूक सांगतो, मग दुसऱ्यांशी भांडतो.

दोन वर्षांपूर्वी एका सप्ताहात (गावाचे नाव कशाला?) काल्याच्या आदल्या दिवशी एक वक्ते उभे राहिले. म्हणाले, देवकीचा सातवा गर्भ योगमायेने रोहिणीच्या उदरात ठेवला, म्हणजे भ्रूण प्रत्यारोपण आपल्या भागवतातच आहे. जो आपल्या गाईत उत्तम वंशाचा भ्रूण ठेवून घेईल, त्याला गोसेवेचे पुण्य. मग मंडपात कार्डे वाटली. त्यांच्यानंतर मी उभा राहिलो आणि तोच दृष्टान्त उचलून टाळ्या घेतल्या. माझा भाचा मंडपात होता. मामा बोलले म्हणून त्याने तीन गाई दिल्या. दोन उलटल्या, एक गाभण राहिली. दोघींचे भाकड दिवस आणि खुराक त्याच्या अंगावर पडले. तो एक शब्द बोलला नाही, पण मला झोप येईना.

म्हणून जिथे बीजे काढतात तिथे जाऊन पाहून आलो. तुम्हीही पाहा, मग बोला. गाय खोड्यात उभी करतात. शेपटीच्या मुळाशी भूल देतात. डॉक्टर एक हात गुदद्वारातून आत घालून बीजांडकोश धरतो, दुसऱ्या हाताने योनिमार्गातून सोनोग्राफीची नळी सरकवतो. तिच्यातच लांब सुई असते. पडद्यावर काळे ठिपके दिसतात, एकेक ठिपक्यात सुई टोचून आतले पाणी बीजासकट शोषून घेतात. निसर्गात गाय एकवीस दिवसांनी माजावर येते आणि बहुधा एकच बीज सोडते. इथे एका बैठकीत दहा-वीस मिळतात, आणि पंधरवड्याने पुन्हा तीच गाय खोड्यात. बीजे प्रयोगशाळेत दिवसभर पिकवतात, वीर्याशी संयोग घडवतात आणि सात दिवसांचा भ्रूण दुसऱ्याच गाईत ठेवतात. शंभर ठेवले तर साधारण तीस-चाळीस टिकतात, हे डॉक्टरांनीच सांगितले. भला माणूस, हात हलका. गाय हंबरली नाही. पण कान मागे पडलेले होते, आणि मी गुराख्याचा मुलगा आहे.

आता त्या दृष्टान्ताचे पाहू. सातवा गर्भ हलवला तो कंसाच्या हातून वाचवण्यासाठी. ओढून नेला म्हणून त्या बाळाचे नाव संकर्षण. तिथे देवकीच्या उदरातून दर पंधरवड्याला काही काढायचे नव्हते, आणि रोहिणीला कोणी भाड्याचे उदर म्हटले नव्हते. तंत्र वापरायचे तर तंत्र म्हणून वापरा, हिशेब मांडा. भागवत मध्ये घातले की शेतकरी हिशेब विचारायचा थांबतो. माझा भाचा थांबलाच होता.

दुसऱ्या टोकाचेही लोक आहेत. ते म्हणतात, हे सगळेच पाप. मग रोज सकाळच्या चहातले दूध कुठले, माउली? उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 1967 साली बाएफ उभी केली, त्यानंतर गोठलेले वीर्य घेऊन माणसे गोठ्यागोठ्यांत पोचली. त्यावर किती घरे उभी राहिली, हे मी कीर्तनाच्या बिदागीवरून सांगू शकतो. ही विद्या मला नकोशी नाही. एखादा वंश संपत आला असेल तर ती संजीवनी ठरेल.

पण आपण ती कुणासाठी चालवतो? मंडपात गीर आणि साहिवाल यांचाच गजर, कारण दूध जास्त. ब्राझीलने गीर इथूनच नेली आणि याच तंत्राने वाढवली, तेही मोठ्या कौतुकाने सांगतात. खिल्लारचे नाव कोणी काढले नाही. माउलींच्या रथाला जुंपलेल्या ज्या जोडीच्या पाया आपण पडतो, तो खिल्लार! कार्तिकीचा पंढरपूरचा जनावरांचा बाजार ज्यांनी जुना पाहिला आहे, त्यांना सांगायला नको.

30 सप्टेंबर 2024 रोजी शासनाने देशी गाईला राज्यमाता म्हटले. पाचच दिवसांनी वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते देशी बनावटीच्या लिंगनिश्चित वीर्याच्या तंत्राचे उद्घाटन झाले. ते वापरले की दहात नऊ कालवडी होतात. शेतकऱ्याला हे हवेच, त्याला मी दोष देत नाही. 2015 पासून बैल कापता येत नाही, ट्रॅक्टर आल्यावर पोसताही येत नाही, तर गोऱ्हा जन्मालाच येऊ नये ही सोय. पण माता म्हणायचे आणि तिला मुलगा होऊ द्यायचा नाही, हे बोलताना आपली जीभ कशी अडखळत नाही? आळ्याला रेड्याची समाधी आहे. दिंडीतून जाताना तिथे माथा टेकणारा आपला संप्रदाय, नर जनावराला निरुपयोगी म्हणायला कधी शिकला?

सप्ताह कमिट्यांना माझे सांगणे आहे. भ्रूणाची कार्डे मंडपात वाटू देऊ नका, ग्रामपंचायतीत वाटा. कोणी गोसेवा म्हणून हे सांगायला आला तर त्याला विचारा, एका गाईला वर्षात किती वेळा सुई, मध्ये विसावा किती, आणि बीज देणे थांबल्यावर ती कुणाच्या दावणीला? उलटलेल्या गाईचा खुराक कोण भरणार, हेही लिहून घ्या. कीर्तनकार बंधूंनो, मला दिली तशी कोणी शाल दिली तर घ्या, पण दृष्टान्त देऊ नका.

भाच्याची ती एक गाय गेल्या पंधरवड्यात व्याली. लाल गीर कालवड, कान लांब. त्याचा फोन आला होता, मामा, नाव तुम्हीच ठेवा. दोन दिवस झाले, मी अजून त्याला फोन केलेला नाही.