‘आमच्याकडे तर नीट चालतंय!’ जालन्यातला बग जगाला दाखवायचा कसा?

समजा, जालन्यातल्या एका बियाणे विक्रेत्याच्या बिलावर ‘ज्ञानेश्वर’ नावातला ‘ज्ञ’ फुटून छापला जातोय. स्क्रीनवर नाव बरोबर, पीडीएफमध्ये चूक. हे सॉफ्टवेअर बनवणारा तरुण ओपन सोर्स वेब फ्रेमवर्क वापरतो. तो तिथे तक्रार टाकतो. उत्तर येतं, “आमच्याकडे तर नीट चालतंय.” काही दिवसांनी तक्रार बंद होते.

असं का होतं?

फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट उभारण्यासाठीचा तयार सांगाडा. ओपन सोर्स असल्याने तो कुणालाही वापरता येतो, त्याचा कोड बघता येतो. मुंबईत तयार झालेलं ‘फ्रॅपे’ हे असंच एक फ्रेमवर्क. ‘ईआरपीनेक्स्ट’ हे व्यवसायाचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं. अशा प्रकल्पांकडे तक्रारी ढिगाने येतात, सांभाळणारी माणसं मात्र मोजकी. त्यात प्रत्येकाचा संगणक, फॉन्ट, आवृत्ती वेगळी. जो बग स्वतःला दिसतच नाही, तो दुरुस्त कसा करणार?

टेम्प्लेट काय करतं?

यासाठी अनेक फ्रेमवर्क ‘रिप्रॉडक्शन टेम्प्लेट’ देतात. हा एक छोटा, जवळपास रिकामा प्रोजेक्ट असतो. त्यात फक्त बग दाखवण्यापुरता कोड घालायचा. ‘नेक्स्ट जेएस’कडे असा तयार प्रोजेक्ट आहे. ‘रेल्स’चं टेम्प्लेट तर एकाच फाइलचं आहे: आवृत्ती लिहा, तात्पुरता डेटाबेस घ्या, छोटी चाचणी जोडा आणि चालवा.

आपल्या उदाहरणात एक रकाना, ‘ज्ञानेश्वर’ हे एक नाव आणि पीडीएफ, एवढंच ठेवायचं. इथेही ‘ज्ञ’ फुटला, तर फ्रेमवर्ककडे बोट दाखवता येतं. नाही फुटला, तर दोष बहुधा आपल्याच कोडमध्ये किंवा फॉन्टमध्ये आहे. म्हणजे कधी कधी तक्रार करण्याआधीच उत्तर सापडतं. शिवाय ग्राहकांची नावं, जीएसटी क्रमांक, पासवर्ड असलेला मूळ प्रोजेक्ट कुणालाही द्यावा लागत नाही.

आता हे जास्त महत्त्वाचं का?

एआयने लिहिलेल्या, वरवर खऱ्या वाटणाऱ्या खोट्या तक्रारींचा पूर आला आहे. याच त्रासाला कंटाळून ‘कर्ल’ या प्रसिद्ध ओपन सोर्स प्रकल्पाने सुरक्षेतल्या त्रुटी शोधणाऱ्यांना बक्षीस देण्याची योजना जानेवारी २०२६ अखेर बंद केली. अशा वेळी लांबलचक वर्णनापेक्षा चालवून बघता येणारा पुरावा विश्वासाचा ठरतो.

अर्थात, हा पुरावा तयार करण्याचं ओझं तक्रारदारावर पडतं. त्यात कधी अख्खी संध्याकाळ जाते, आणि नवख्याला तर ही अटच भिंतीसारखी वाटते. पण याच अटीचा एक फायदाही आहे. तक्रार मोठ्या कंपनीची आहे की जालन्यातल्या विद्यार्थ्याची, याने फरक पडत नाही. बग समोर दिसतो की नाही, एवढंच बघितलं जातं.

जोडाक्षरं, लाख-कोटींचे स्वल्पविराम, मराठी तारखा यांतल्या चुका परदेशातल्या डेव्हलपरच्या सहसा नजरेस पडत नाहीत. त्या रोज बघणारी माणसं इथे आहेत. त्यांनी दाखवल्या नाहीत, तर ‘ज्ञ’ पुढच्या आवृत्तीतही फुटलेलाच राहील.